हापशाचा रंग

समितीने पाठवलेला फॉर्म चौदा पानांचा होता आणि पहिल्याच पानावर ‘सामाजिक परिणाम’ म्हणजे काय, याची व्याख्या चौकटीत छापलेली होती. संशोधनामुळे समाजात घडून आलेला, मोजता येण्याजोगा, पडताळता येण्याजोगा आणि टिकाऊ बदल. डॉ. आनंदराज नरवाडे यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. खोट काढायला जागा नव्हती. एरवी असल्या कागदांत चारदोन चुका सापडल्या की सरांना बरं वाटायचं. या वेळी तेवढंही सुख मिळालं नाही.

सर लातूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. तळमजल्यावर जिन्याखालची एक खोली त्यांच्या ताब्यात होती आणि तिच्या दारावर ‘पाणी तपासणी प्रयोगशाळा’ अशी पाटी होती. कुठल्याही गावच्या माणसाने बाटलीत पाणी भरून आणावं आणि तिसऱ्या दिवशी फोनवर निकाल विचारावा, सगळं फुकट. खोलीत फ्लोराईड मोजणारा एक मीटर होता, एक जुना फ्रिज होता आणि दीपमाला होती. दीपमाला कंत्राटी सहायक. आठ वर्षं त्या मीटरबरोबर काढल्यामुळे त्याचा रुसवाफुगवा तिला जितका कळायचा तितका तो बनवणाऱ्यांनाही कळला नसता. या खोलीचा सगळा भार एक संस्था उचलत असे. पुढची पाच वर्षं तो उचलायचा की नाही, हे आता तिच्या समितीच्या या चौदा पानांवर ठरणार होतं. नाही ठरलं, तर एकतीस मार्चला खोलीला कुलूप, मीटर भांडारात आणि दीपमाला घरी.

प्राचार्य शिवशंकर हालकुडे यांना काळजी नव्हती असं नाही, पण ते काळजी लवकर उरकणारे गृहस्थ होते.

“नरवाडे सर, तुमचा तो पाण्यावरचा पेपर किती जणांनी संदर्भाला घेतलाय?”

“एक्केचाळीस.”

“मग झालं की!”

“त्यातले नऊ इराणचे आहेत, सर. त्यांच्यातलं कुणी मुदखेड तालुक्यात गेलेलं नाही.”

“तर तुम्ही जा. तो लाल हापशाचा फोटो आहे ना तुमच्या भिंतीवर? त्याच जागी उभं राहून आजचा काढा. एक आधीचा, एक नंतरचा. समितीला वाचायला वेळ नसतो, बघायला असतो.”

तो फोटो २०१४च्या मे महिन्यातला. सोनपिंपळी नावाच्या त्या गावात दोन हापसे होते. एक गावात, पारासमोर. दुसरा गावाच्या कडेला, भीमनगरात. सर तेव्हा नांदेडला होते आणि त्या भागातल्या साठ गावांचं पाणी त्यांनी तपासलं होतं. दुसरी सोय नसेल तर लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालवून घेतात. भीमनगरातल्या हापशाला निघालं पाऊण मिलिग्रॅम. पारासमोरच्या हापशाला निघालं तीनच्याही वर. सरांनी स्वतः ब्रश हातात घेऊन भीमनगरातला हापसा हिरवा रंगवला आणि पारासमोरचा लाल. ग्रामसभेत पंचवीस मिनिटं भाषण केलं. मग साठ गावांचा तक्ता करून पेपर लिहिला. पेपरात गावाचं नाव घालायचं नसतं, म्हणून सोनपिंपळी झाली ‘ग्राम क्रमांक ३७’. त्यानंतर सर तिकडे फिरकले नाहीत. निष्कर्ष निघालेला होता, आता जायचं कशाला, असं त्यांना वाटलं असणार. वाटलं असणार म्हणजे काय, वाटलंच होतं.

जानेवारी संपता संपता ते एसटीने नांदेडला आणि तिथून मुदखेडला गेले. मुदखेडहून ऑटो मिळाला. पिशवीत नमुन्याच्या दोन रिकाम्या बाटल्या आणि जुन्या फोटोची प्रत होती.

पारासमोर उतरले आणि समोर हापसा दिसला. हिरवागार.

सरांना आनंद झाला. खोटं कशाला सांगा, चांगलाच झाला. गावाने नवा बोअर घेतला असेल, नाहीतर पाणी शुद्ध करायचं काही यंत्र बसवलं असेल. कुणीतरी पुन्हा तपासून, खात्री करून लालाचा हिरवा केला असेल. मोजता येण्याजोगा, पडताळता येण्याजोगा आणि वर टिकाऊ. त्यांनी जुना फोटो काढला, पाराची पायरी फोटोत जिथे होती तिथे येईपर्यंत दोन पावलं मागे सरले आणि मोबाईलवर फोटो घेतला. मग बाटली विसळून भरून घेतली. मीटरचा आकडा फॉर्ममध्ये घातला की काम फत्ते.

“ओ सर, फोटो कशाचा काढून राहिले?”

एक म्हातारी घागर खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होती. सत्तरीची, पण हापशाचा दांडा एका हाताने मारणारी. नाव गुणाबाई.

“हापशाचा. हिरवा कधी झाला हा?”

“तुम्ही ते पाण्याचे सर न्हाई का? तवा केस होते तुम्हाला.”

सरांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. “होते. हिरवा कधी झाला?”

“झाला कशाचा, केला. आमच्या आरतीच्या सोयरिकीला.”

आरती ही गुणाबाईची थोरली नात. २०१७च्या फेब्रुवारीत तिला बघायला पाहुणे येणार होते. लाल हापसा पारासमोरच, म्हणजे गावात शिरणाऱ्या माणसाच्या नजरेत पहिल्यांदा तोच भरायचा. शेषेराव त्या वेळचे सरपंच, त्यांच्या मुलीची सोयरीक त्याच्या आदल्या वर्षी या हापशावरच मोडली होती. ‘ज्या गावचं पाणी सरकारनं लाल केलंय, तिथली पोरगी कामून करायची,’ असं म्हणून पाहुणे चहा न घेता उठले होते. तेव्हा आरतीचा भाऊ सुदर्शन आदल्या दिवशी मुदखेडला जाऊन रंगाचा डबा घेऊन आला. पाहुणे यायच्या आत रंग वाळला.

“अन् दुसरं असं...” गुणाबाई थांबली.

“बोला.”

“तुमचं ऐकून आम्ही सगळ्या बाया प्यायचं पाणी भीमनगरातून आणू लागलो होतो. तीन वर्षं आणलं, खोटं बोलत न्हाई. नंबरला उभं राहून आणलं. पण पाव्हण्यांच्या पुढून घरची पोरगी तिकडून हंडा घेऊन येताना दिसली तर... तुम्हाला तर ठाऊकच हाय, सर.”

सरांना ठाऊकच होतं. भोकरजवळच्या अशाच एका भीमनगरात ते वाढले होते. हे गुणाबाईला माहीत होतं की नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

“लगीन जमलं. मग पुन्हा लाल कामून करायचा? राहू दिला हिरवा. आधी बाया बिचकायच्या. मग पावसाळ्यात एकीनं भरलं, मग दुसरीनं भरलं. आता सगळ्या इथंच भरतेत.”

“पण रंग तर तुम्हीच दिला होता.”

“हाव, आम्हीच दिला.” गुणाबाईने घागर उचलली. “पण रोज बघून बघून खराच वाटायला लागला की वो.”

“आणि नळ?”

“टाकीचं चार दिसाआड येतं, ते सांडायला-धुवायला. शेषेरावच्या घरी जारचं पाणी येतं. आम्ही हेच पितो. लेकरांना मातर उकळून देतो, मी काय अडाणी हाय का?”

उकळल्याने फ्लोराईड जात नाही. पाण्याची वाफ होते, फ्लोराईड मागे राहतं आणि उरलेल्या पाण्यात ते उलट वाढतं. हे वाक्य सरांच्या तोंडाशी आलं. बारा वर्षांपूर्वीच्या पंचवीस मिनिटांत आपण ते बोललो होतो का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

“त्या सभेत मी काय सांगितलं होतं, आठवतं का तुम्हाला?”

“हाव तर. हाडं ठिसूळ होतेत, म्हातारपणी कंबर वाकती म्हणून सांगितलं होतं. आता माझी कंबर तशी बी वाकलेलीच हाय.”

सरांनी तेव्हा हाडांवर भर दिला होता, कारण ते जास्त गंभीर होतं. दातांचं एका वाक्यात उरकलं होतं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि शाळेचा रस्ता विचारला.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. मुख्याध्यापिका महामाया मॅडम भीमनगरातल्याच. सरांनी त्यांना सांगितलं की मला लेकरांचे समोरचे दात बघायचे आहेत. मॅडमनी कारण विचारलं आणि ऐकून घेतल्यावर हजेरीपट बाहेर काढला.

हा हिशेब सर गाडीतच मनात मांडून बसले होते असं नाही. तो त्यांना हापशापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर सुचला. समोरचे कायमचे दात सहासात वर्षांचं झाल्यावर येतात, पण ते हिरडीच्या आत घडतात लेकरू तीनेक वर्षांचं होईपर्यंत. त्या दिवसांत जे पाणी पोटात जातं, ते दातांवर जन्मभर राहतं. हापसा लाल होता तेव्हा जी लेकरं तेवढी लहान होती, ती आज पाचवी, सहावी, सातवीत असायला हवीत. हिरवा झाल्यावर जी लहान होती, ती तिसरी-चौथीत. पहिली-दुसरीतल्या बहुतेकांचे समोरचे कायमचे दात अजून पुरते आलेले नव्हते.

सातवीपासून सुरुवात झाली. तोंड उघडायला सांगितलं की लेकरं हसतात, आणि ही तर मोकळेपणाने हसली. दात पांढरे. सहावीचेही पांढरे. पाचवीचेही. तीन वर्गांत मिळून गावातली एकोणीस लेकरं, त्यातल्या फक्त दोघांच्या दातांवर डाग. मग चौथीचा वर्ग आला आणि हसणं थांबलं. पहिल्या मुलाने ओठ जेमतेम उचलला. खडूसारखे पांढरे पट्टे, त्यात चहाच्या रंगाचे ठिपके. दुसरा तसाच. तिसरी मुलगी तशीच. तिसरी-चौथीतली गावातली चौदा लेकरं, त्यातल्या बारा जणांचे दात डागाळलेले. भीमनगरातली लेकरं मात्र वरपासून खालपर्यंत सगळ्या वर्गांत स्वच्छ.

“सर,” महामाया मॅडम म्हणाल्या, “वरच्या वर्गातली पोरं फोटो काढताना हसतात. तिसरी-चौथीची हसतच नाहीत. मला वाटायचं, वर्गच लाजरा आहे.”

सरांनी वहीत लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं. तिसरी-चौथीत कोण गावातलं आणि कोण भीमनगरातलं, हे दात बघून सांगता येत होतं. पाचवी ते सातवीत सांगता येत नव्हतं. एवढंच. तीन वर्ग, तीन वर्षं, सतरा लेकरं. त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा परिणाम त्या बाकांवर बसला होता आणि तो मोजताही येत होता. सरांना अभिमान वाटला. त्याचबरोबर तिसरी-चौथीतल्या बारा जणांपुढे उभं राहून अभिमान वाटतोय, याची लाज वाटली. मॅडमनी पाणी पुढे केलं. ते भीमनगरातल्या हापशाचं होतं आणि सरांनी सगळा तांब्या संपवला.

परतताना ते गुणाबाईच्या ओट्यावर थांबले. जेवणाच्या सुट्टीत सुदर्शनची मुलगी ईश्वरी घरी आली होती. चौथीतली, नऊ वर्षांची. सरांना बघून तिने तोंडावर हात ठेवला. ती सवयच होती, कारण हात तसाच ठेवून ती दारातून आत गेली.

“दात घासत न्हाई नीट,” गुणाबाई म्हणाली. “लई मारलं तिला मी. राखुंडीनं घासून घेतले, टमाट्याच्या रंगाचं पेस्ट आणलं मुदखेडहून. डाग हलंना.”

“घासून जाणार नाहीत ते, आजी. ते वरचे नाहीत. दात आत तयार होताना पडलेले आहेत. ह्या पाण्यानं.”

“ह्या पाण्यानं?”

“हापसा हिरवा झाला तेव्हा ईश्वरी किती होती?”

गुणाबाईने बोटांवर हिशेब केला नाही. तिला मोजावं लागलं नाही. “पाळण्यात,” ती म्हणाली.

आत सून भाकरी थापत होती, तो आवाज तेवढा येत होता. मग गुणाबाई पदर तोंडाला लावून रडली, फार नाही, पण रडली. “एकीचं लगीन जमवायला दुसरीचं तोंड खराब केलं की मी. अन् वर हिलाच मारलं.”

सरांनी ‘तुमची चूक नाही’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चुकीचा मोठा वाटा त्यांच्याकडेच येत होता. तो सांगत बसलं, तर ते म्हातारीचं समाधान करणं झालं नसतं, स्वतःचंच झालं असतं. त्यांनी पिशवीतून पेन काढून आपला नंबर लिहून दिला. तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना आणि पोटुशा बायांना या हापशाचा उकळूनसुद्धा एक घोटही नको, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि तिच्याकडून एकदा म्हणवून घेतलं.

“हापसा पुन्हा लाल करणार का तुम्ही?” गुणाबाईने विचारलं. “करा, पण येत्या महिन्यात धाकटीला पाव्हणे येणार हायत. प्रतीक्षाला. तिची दोन ठिकाणं माघारी गेली. पोरगी लई गंभीर हाय म्हणले, हसतच न्हाई म्हणले.”

प्रतीक्षा बावीस वर्षांची. हापसा बसला तेव्हा ती पोटात होती. ती का हसत नसेल, हे आता ओट्यावर बसलेल्या दोघांनाही कळलं.

“मी रंगवणार नाही,” सर म्हणाले. “मागं मी रंगवला, म्हणून तो माझा रंग राहिला. आता तुमचं तुम्ही ठरवा.”

लातूरला दीपमालाने बाटली लावली. आकडा स्थिर व्हायला वेळ लागला. तीन पूर्णांक चार. २०१४पेक्षा थोडा जास्तच.

प्राचार्यांना दोन्ही फोटो फार आवडले. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मोबाईल हातभर लांब धरून बघितला. “ह्याला म्हणतात परिणाम!”

“पाणी तेच आहे, सर. फक्त रंग बदललाय.”

“फॉर्ममध्ये आकडा विचारलाय का?”

“नाही. पुरावा विचारलाय.”

“मग फोटो हा पुरावाच आहे की. नरवाडे सर, मी काही खोटं लिहा म्हणत नाही. हापसा लाल होता, आता हिरवा आहे. ह्यात खोटं काय?”

खरंच, त्यात खोटं काही नव्हतं. सर दोन दिवस तो फॉर्म उघडून बसले. पान नऊवर दोन चौकटी होत्या, ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’, आणि त्यांच्या मापाचे दोन फोटो तयार होते. खोली वाचली असती. पुढची पाच वर्षं माणसं बाटल्या घेऊन आली असती, आणि त्यातल्या कितीतरी घरांत ईश्वरीएवढी लेकरं असती. हा विचारही सरांनी केला, नाही असं नाही. चांगल्या कामासाठी एक हिरवा फोटो. गुणाबाईनेही तेच केलं होतं.

शेवटी त्यांनी दीपमालाला विचारलं. नोकरी तिची जाणार होती, तेव्हा तिला विचारणं भाग होतं.

दीपमाला फ्रिजमधल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती. “सर, त्या तीन पूर्णांक चारवर माझी सही आहे,” ती म्हणाली. “फोटोवर कुणाची असते?” आणि पुढची चिठ्ठी लावायला वळली. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, “मला एक दोन ठिकाणी बघून ठेवलं पाहिजे मात्र.”

सरांनी पान नऊवर दोन्ही फोटो लावले आणि खाली दोन्ही आकडे लिहिले. त्याखाली दातांचा तक्ता दिला, रंग कुणी, कधी आणि का बदलला ते नावं न घालता चार ओळींत लिहिलं.

समितीत तिघे होते. त्यांनी तक्ता मन लावून वाचला, हे मान्य करायला हवं. अध्यक्ष भले गृहस्थ होते.

“म्हणजे नेमका परिणाम किती म्हणायचा?”

“तीन वर्षं,” सर म्हणाले.

“आणि लाभार्थी?”

“सतरा. एकोणीसपैकी.”

“नंतर तो टिकला नाही.”

“नाही. तिथे मी परत गेलो असतो तर टिकला असता. परत जाण्याचा रकाना तुमच्या फॉर्ममध्ये नाही, आणि माझ्याही वहीत नव्हता.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. दुसऱ्या सदस्याने पेनाने काहीतरी खोडलं. ‘टिकाऊपणा’ या मथळ्याखाली दहापैकी शून्य गुण आले. दातांच्या तक्त्याला ‘रोचक’ असा शेरा मिळाला, शेऱ्याला गुण नसतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. मुदतवाढ नाही.

सरांना वाईट वाटलं, दीपमालाला जास्त वाटलं, प्राचार्यांना तर राग आला आणि तो त्यांनी एका दुपारी उरकला. खोलीतलं सामान खोक्यांत भरायला सुरुवात झाली.

मार्च अखेरीला गुणाबाईचा फोन आला. फोन सुदर्शनचा, आवाज तिचा, आणि तो लातूरपर्यंत तसाही पोचला असता.

“सर, लाल केला बगा हापसा.”

“कधी?”

“पाव्हणे यायच्या आदल्या दिशी. सुदर्शननंच केला. शेषेराव आडवे आले, म्हणले आठ दिवस थांब. म्या म्हणलं, नऊ वर्षं थांबलो की.”

“मग पाहुणे काय म्हणाले?”

“विचारलं त्यांनी, हे लाल कामून. म्या सांगितलं, आमचं पाणी तपासलेलं हाय, म्हणून लाल हाय. तुमचं तपासलंय का? गप झाले. मग प्रतीक्षानं पाणी आणून दिलं, अन् सांगितलं, हे भीमनगरातलं हाय, सकाळी मीच आणलंय, बिनघोर प्या.”

“प्यायले?”

“एक म्हातारा न्हाई प्याला. बाकीचे प्याले.”

“आणि सोयरीक?”

“कळवतो म्हणले,” गुणाबाई म्हणाली. कळवतो म्हणजे काय असतं, हे मराठवाड्यात कुणी कुणाला समजावत नाही. “पर सर, बाया पुन्हा तिकडं नंबर लावून राहिल्या. सगळ्या न्हाई. निम्म्या.”

निम्म्या म्हणजे किती, हे सरांनी सवयीने वहीत लिहायला घेतलं आणि मग लक्षात आलं की फॉर्म पाठवून दीड महिना झाला.

एकतीस मार्चला दुपारी दीपमाला मीटर पुसून खोक्यात ठेवत होती, तेव्हा दारात एक तरुण उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, बसच्या प्रवासाने मागून चुरगळलेला. हातात पिशवी, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेला कागद.

“इथं पाणी तपासतेत ना? मी रविकांत. लोहा तालुक्यातून आलो.”

“कुणी पाठवलं तुम्हाला?” सरांनी विचारलं.

तरुण जरा घुटमळला. “सोनपिंपळीला मुलगी बघायला गेलो होतो, सर. घरच्यांचं कळवायचं चालू होतं, तर मीच तिला फोन केला. म्हणलं, मला पसंत हाय. तर ती म्हणली, तुमच्या घरचं पाणी तपासून आणा. मग सांगते.”

दीपमाला हसायला लागली. सर हसले नाहीत, पण त्यांनी खोकं तिच्या हातातून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि दोरी सोडायला लागले.

“सर, रजिस्टर बंद झालंय,” दीपमाला म्हणाली. “कशात लिहायचं?”

“माझ्या वहीत लिही. पाचपर्यंत खोली आपलीच आहे.”

मीटर तापायला, प्रमाणित द्रावणाला लावायला, आकडा स्थिर व्हायला पाऊण तास गेला. रविकांत तेवढा वेळ उभाच होता, बसा म्हटलं तरी बसला नाही. शेतातल्या विहिरीची बाटली निघाली शून्य पूर्णांक सहा. घरच्या बोअरची निघाली दोन पूर्णांक नऊ. दीपमालाने दोन्ही आकडे लिहून खाली सही केली.

पूर्वी अशा वेळी सर विचारत, बोअर किती फूट, कोणत्या साली घेतला, खडक कसला लागला. तक्त्यात तेवढेच रकाने असत. आज त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि रविकांतला हात धरून तीत बसवलं.

“घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू आहे का कुणी?”

रविकांतने खाली बघितलं. त्याचे कान लाल झाले.

“अजून न्हाई, सर,” तो म्हणाला.

“मग वेळ आहे,” सर म्हणाले आणि विहिरीचं पाणी घरापर्यंत कसं आणायचं, ते कागदावर काढून दाखवायला लागले.